एकोणचाळीस नंबरची नळी

आई,

तुला लिहायचं मी दहा वर्षं टाळत आलेय. टाळण्यात माझा हात कुणी धरणार नाही, ते तुला नव्यानं सांगायला नको. याआधी दोनदा वही आणली होती. पहिली तासगावला द्राक्षांच्या पॅकिंगला होते तेव्हा बायकांची हजेरी लिहिण्यात संपली. दुसरी कासच्या पठारावर, फुलं बघायला येणाऱ्यांना वाट दाखवायचं काम करत होते तेव्हा पिशवीतच भिजली आणि तिचा लगदा झाला. ही तिसरी, आणि खरं तर हीसुद्धा पत्राची नाही, परीक्षेची आहे. मागच्या पानांवर जंतांची अंडी काढलीत. तुझी कशी रेखीव यायची. माझी सगळी बटाट्यासारखी झालीत.

कुठून लिहितेय ते सांगितलं तर हसशील. विश्रामबागेत, आपल्या त्याच दोन खोल्यांत. गेल्याच्या गेल्या वर्षी मी लॅबच्या डिप्लोमाला नाव घातलं. राहायला जागा शोधत फिरत होते, पाय आपोआप या गल्लीत वळले. घरमालकीण काकू आता काठी घेऊन चालतात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंची ना गं तू? केवढी लांब झालीस! आणि हे केस कुणी कापले, उंदरांनी?" मग आत जाऊन किल्ली घेऊन आल्या. तुझ्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. अजूनही बोलत नाहीत. तुझा विषय निघाला की त्या गाळलेलं पाणी पुन्हा गाळायला घेतात.

आज दुपारी दोनला माझं प्रॅक्टिकल आहे. टेबलावर ओळीनं मायक्रोस्कोप मांडलेले असतात, प्रत्येकाखाली एक स्लाइड. घंटा वाजली की पुढच्यावर सरकायचं, काय दिसलं ते लिहायचं. गेल्या वर्षी मी गेटपर्यंत गेले होते, गळ्यात ओळखपत्र, पेन्सिलीला टोक केलेलं, आणि तिथूनच उलटी फिरले. बाबांना सातारला फोन करून सांगितलं, ताप होता. ताप नव्हता. आजही बॅग भरून दाराशी ठेवलीय. बारा वाजता सातारची गाडी आहे, आत्ता साडेदहा झालेत. तेवढ्या वेळात तुला एक गोष्ट सांगून टाकायची, मग जायचं की थांबायचं ते बघू, असं ठरवून बसलेय.

पण ती गोष्ट सांगायची तर आधी तुझा अभ्यास सांगावा लागतो. वडूजजवळच्या आरोग्य केंद्रात बारा वर्षं काढल्यावर, चाळिशीला टेकलेली तू, नोकरीतून मिळालेल्या जागेवर मायक्रोबायोलॉजीत एम.डी. करायला सांगलीला आलीस. बाबा तिकडंच शाळेवर राहिले. मी आठवीत, आणि बाबांच्यानं आवरत नव्हते, म्हणून मला बरोबर आणलंस. तुझ्या वर्गातली बाकीची पोरं पंचविशीतली, पाठांतर ताजं. पहिले काही दिवस ती तुला मॅडम म्हणायची. मग तू डब्यात जास्तीच्या भाकऱ्या नेऊ लागलीस आणि त्यांची ताई झालीस. तुला सगळ्यात भीती होती ती तिसऱ्या पेपरची. विषाणू, बुरशी आणि परजीवी, तिन्ही एकाच पेपरात कोंबलेले. परातीत पिठाचा गोळा फिरवत तू मलेरियाच्या परजीवीचा प्रवास म्हणायचीस: डासातून रक्तात, रक्तातून यकृतात, यकृतातून पुन्हा रक्तात. भाकरी तव्यावर पडेपर्यंत तो परत डासात पोचलेला असायचा. मी ओट्यावर चढून, पुस्तक मांडीवर घेऊन तपासायची. नावं मला वाचता यायची नाहीत, मी काहीही म्हणायची, आणि तू तव्यासमोर हसून हसून डोळे पुसायचीस. विषाणूंवर तुझा रागच होता. म्हणायचीस, "बुरशी दिसते, जंत तर चालतानासुद्धा दिसतो. ह्यांचं म्हणजे नुसते पुरावे. चोर कधी हाती लागत नाही."

एका रविवारी तू मला विभागात घेऊन गेलीस. उंच स्टुलावर बसवलंस, मायक्रोस्कोपची भिंगं माझ्या डोळ्यांना जुळवून दिलीस. कुणाच्या तरी कातडीचा कोंडा पोटॅशमध्ये विरघळवून ठेवलेला होता. तू विचारलंस, "काय दिसतं?"

"बुरशी," मी ऐटीत म्हणाले.

"बुरशी दिसत नाही. काय दिसतं?"

"दोरे आहेत."

"कसले?"

"काचेसारखे. मधे मधे पेरं आहेत, उसासारखी. आणि फांद्या फुटल्यात."

"आता कसं! काय असेल ते सांगायला मी बसलेय. तू काय दिसतं तेवढं सांग."

हे वाक्य मी इतक्या गावांत, इतक्या कामांत बरोबर वागवलंय की त्याचे कोपरे झिजले. कासला एका पाहुण्यानं विचारलं, हे फूल कुठलं? मी म्हणाले, निळं, चार पाकळ्यांचं, चिखलात उगवलेलं. तो म्हणाला, असला कसला गाईड! पण हे बघ, मी भरकटले.

तुझा प्रबंध नायट्यावर होता. बोथट पात्यानं नायट्याची कड हलकेच खरवडायची, तो कोंडा काळ्या कागदाच्या पुडीत धरायचा, काळ्यावर तो दिसतो म्हणून, आणि मग नळीतल्या पिवळसर जेलीवर टाकून उगवायची वाट बघायची. ही बुरशी आळशी. चार आठवडे थांबावं लागतं. त्याआधी नळी रिकामी दिसली तरी "वाढ नाही" असं लिहायचं नाही, हा नियम मला अभ्यासातल्या कुठल्याही व्याख्येच्या आधी पाठ झाला. एप्रिलात विभागातलं थंड कपाट बिघडलं. दुरुस्तीचा कागद कुठल्या तरी टेबलावर पडून. सांगलीतलं ऊन तुला माहीतच आहे. तेव्हा तू अकरा नळ्यांचा स्टँड डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलास आणि ओट्याखाली, माठाच्या मागं, ओल्या पोत्याच्या आडोशाला ठेवलास. शेजारी दोरीनं थर्मामीटर टांगला. मी विचारलं, "तुझ्या प्रबंधाच्या गाईडबाईंना माहीत आहे?" तू म्हणालीस, "त्यांना माहीत आहे. मी सांगितलेलं मात्र नाही."

काकू जैन, अंधार पडायच्या आत जेवण उरकणाऱ्या, मुंगीलाही वळसा घालून जाणाऱ्या. त्यांनी वाकून स्टँड बघितला.

"ह्यात जीव आहेत का हो?"

"आहेत ना, काकू."

"मग काम झालं की काय करता त्यांचं?"

तू थर्मामीटर बघायला वाकलीस. मीच म्हणाले, "शिजवतो." काकूंनी पदर तोंडाला लावला आणि आठवडाभर खाली उतरल्या नाहीत. त्या रात्री तू मला रागवायचा लय प्रयत्न केलास, पण तुला हसू आवरेना.

आता ती गोष्ट. नळ्या घरी येऊन दोन आठवडे झाले होते. तू सकाळपासून ड्यूटीला. विभागात नळ्या धुणारे मामा रजेवर होते, नळ्या कमी पडतात म्हणून दोन दिवस तुझी कुरकुर चाललेली. मला वाटलं, आईला खूश करू. अकरापैकी तीन नळ्यांत बुरशी फुलली होती, त्यांना हात लावला नाही. उरलेल्या आठ मला रिकाम्या दिसत होत्या. पाणी उकळलं, धुण्याचा सोडा टाकला, बाटलीचा ब्रश घेतला. कापसाची बुचं काढली, जेलीचे गोळे मोरीत सोडले. नळ्यांवरच्या नंबरांच्या पट्ट्या हरवायला नकोत म्हणून सोलून ओट्यावरच्या फरशीला ओळीनं चिकटवल्या. एकोणचाळीस सगळ्यात शेवटी. नळ्या पांढऱ्या फडक्यावर पालथ्या मांडल्या. चकचकीत. मग तुझी वाट बघत दारात बसले.

तू आलीस, बघितलंस आणि तशीच खाली फरशीवर बसलीस. चपलासुद्धा पायात होत्या. तिथूनच म्हणालीस, "किती दिवस झाले होते त्यांना?"

"चौदा."

"किती थांबायचं असतं?"

"चार आठवडे. पण आई, त्यांत काहीच नव्हतं."

"अठ्ठावीस दिवसांआधी 'काही नाही' म्हणायचा आपल्याला अधिकार नसतो." मग माझ्याकडं वळून अगदी हळू विचारलंस, "नीट बघितल्या होत्यास ना? सगळ्या रिकाम्याच होत्या?"

मी म्हणाले, "हो."

तू मारलं नाहीस. मारलं असतंस तर बरं झालं असतं. म्हणालीस, "आठही जणांकडून पुन्हा नमुना घ्यायचा. विचारायचं तू." सात जण सांगलीतलेच होते, निरोप गेल्यावर आले. मी प्रत्येकासमोर उभी राहून म्हणायची, मी नळ्या धुतल्या, माझी चूक झाली. एक मास्तर म्हणाले, मुलगी धीट आहे. उरली एकोणचाळीस नंबरची मावशी. तुझ्या जुन्या आरोग्य केंद्रातली पेशंट, तुझ्या नावानं विचारत विचारत सांगलीपर्यंत आलेली. तिच्याकडं फोन नव्हता. रविवारी विट्याला गाडी बदलून आपण तिच्या गावी गेलो. उन्हातून चालताना तू माझ्याशी बोलत नव्हतीस, पण छत्री माझ्याच डोक्यावर धरली होतीस.

मावशी दारात भांडी घासत होती. तुला बघून राखेचे हात तसेच जोडले. "आवं डाक्टरीणबाई! पुन्यांदा कातडं न्ह्यायला आलासा व्हय? म्या मागल्या टायमाला चांगलं इतकं दिलं की तुमास्नी."

तू मला पुढं ढकललंस. "सांग."

मी सांगितलं. मावशीनं मान तिरकी करून ऐकलं. "म्हंजी तू नळ्या धुतल्यास? न सांगता?"

"हो."

"मंग बरंच केलंस की, बाय. माझी सून सांगून बी तांब्या विसळत न्हाई!" तू तोंड फिरवलंस. तुझे खांदे हलत होते, मला दिसलं.

आत गेल्यावर मात्र मावशीचा आवाज खाली गेला. नायटा कमरेला होता, परकराच्या नाडीखाली, गोल गोल पसरलेला. "जाऊ घरात हाय, हळू बोला. माझं आंथरून पडवीत टाकलंय. पिठात हात घालू देत न्हाईत. खाजंचं येवढं न्हाई वाटत, डाक्टरीणबाई. पिठाचं वाटतं." तू पातं काढलंस आणि मग थांबलीस. कातडी तुकतुकीत दिसत होती. "काही लावलंय का?"

"दुकानदारानं मलम दिलं. चार दिस झालं. खाज पाक थांबली बगा."

तू पातं उजेडात धरून माझ्याकडं बघितलंस, आणि मला कळलं. असल्या मलमात स्टेरॉइड आणि बुरशीचं थोडं औषध असतं; खाज दबते, मग नळीत काही उगवत नाही, आणि अंगात ते पसरत राहतं. तरीही तू खरवडलंस, पुडी बांधलीस, गोळ्या दिल्यास, मलम बंद म्हणून तीनदा बजावलंस. निघताना पडवीत येऊन मोठ्यानं म्हणालीस, "भूक लागलीय हो. हिच्या हातची भाकरी मिळेल का?" जाऊबाई चुलीशी थिजल्या. मावशीनं माझ्याकडं बघितलं, तुझ्याकडं बघितलं आणि परात ओढली. तू उंबऱ्यात बसून, सगळ्यांदेखत, दोन भाकऱ्या ठेच्याशी खाल्ल्यास. मीही खाल्ली. येताना तिनं शेंगांची पिशवी दिली. तू केसपेपरच्या कोऱ्या पाठीवर आपला इथला पत्ता लिहून तिच्या हातात दिलास. "काही लागलं तर सरळ घरी यायचं."

परतीच्या गाडीत तू शेंगा सोलून माझ्या तळहातावर ठेवत होतीस. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. शेंगा खात राहिले.

ती नवी नळी तू पूर्ण चार आठवडे सांभाळलीस. रोज सकाळी खिडकीच्या उजेडात धरायचीस, डावीकडून, उजवीकडून, आणि मी दात घासत मोरीच्या दारातून बघायची. विसाव्या दिवशी, पंचविसाव्या दिवशी. जेली तशीच, स्वच्छ. अठ्ठाविसाव्या दिवशी तू वही उघडलीस आणि एकोणचाळीस नंबरासमोर लिहिलंस, "वाढ नाही." पेन्सिल ठेवून म्हणालीस, "जाऊ दे. थांबलो तरी होतो नीट." मला तेव्हा भिंतीत शिरावंसं वाटलं.

पुढचं तुला माहीत आहे. तू पास झालीस, तिसऱ्या पेपरला तर चांगलेच मार्क पडले. भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोपुढं पेढे ठेवलेस, सातारचे, आणि पहिला मला भरवलास. पुढच्याच वर्षी तू दवाखान्याच्या जिन्यात बसलीस ती उठलीच नाहीस. मी सतरा वर्षांची होते. त्यानंतर मी कुठं कुठं गेले त्याची यादी देत नाही. लोणंदला कांद्याच्या बाजारात होते, एका लग्नाच्या शूटिंगवाल्याबरोबर लाइट धरत फिरले, तेही सोडलं. जिथं गेले तिथून महिना पुरा व्हायच्या आत निघायचा विचार सुरू. तुझा बांधलेला प्रबंध मात्र सगळीकडं बरोबर. आत्ता समोर उघडा आहे, शेवटचा मोठा तक्ता, घडी घातलेला. एकोणचाळीसवी ओळ. वाढ नाही.

आई, ती ओळ खोटी आहे. त्या नळीत होतं. जेलीच्या कडेला, काचेजवळ, पांढरं, मोहरीएवढं. कापसाचा धागा बुचातून पडला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण धागा आडवा पडलेला असतो. हे गोल होतं, आणि मुळं फुटल्यासारखं सगळ्या बाजूंनी जरा जरा पसरलेलं. तू मला असल्या सुरुवाती चार वेळा दाखवल्या होत्यास. मी नळी उजेडात धरली, बघितली, ओळखली. पण सात धुऊन झाल्या होत्या, पाणी कढत होतं आणि फडक्यावर एका नळीची जागा राहिली होती. ओळ पुरी व्हावी एवढंच वाटलं. इतकंच कारण आहे, यापेक्षा मोठं मला इतक्या वर्षांत सापडलं नाही. तू विचारलंस तेव्हा मी काय दिसलं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू त्या ओळीत खरं लिहिलं असतंस, उगवलं आणि घरात नासलं म्हणून, आणि गाईडबाईंची बोलणी खाल्ली असतीस. पण लिहिलं असतंसच. मायक्रोस्कोपला डोळा लावला की मला आधी तो पांढरा ठिपका दिसतो. म्हणून गेटवरून फिरले. ज्या मुलीनं दिसलेलं दडवलं तिनं लोकांचे रिपोर्ट कसे लिहायचे?

हे पान या तक्त्याच्या घडीत ठेवून देणार होते. इथपर्यंत लिहिलं आणि दार वाजलं. काकू असतील म्हणून तशीच उठले.

दारात नऊवारीतली एक म्हातारी, घामेजलेली, बोटाला सात-आठ वर्षांची पोरगी. हातात घड्या पडून चार तुकडे झालेला, मागून चिकटपट्टी लावलेला कागद. अक्षर तुझं. एकोणचाळीस नंबरची मावशी. मी तिला ओळखलं, तिनं मला ओळखलं नाही.

"डाक्टरीणबाई हायत का? वरच्या आज्जींस्नी इचारलं, त्या काय बोलल्याच न्हाईत. नुसतं खाली बोट दावलं."

मी म्हणाले, "या, बसा."

खुर्चीवर वह्यांचा ढीग, म्हणून मावशी सरळ माझ्या भरलेल्या बॅगेवर बसली. बसल्या बसल्या नातीची मान उजेडाकडं वळवली. "हिला झालंय बगा. घरात समदी म्हंत्यात दुकानातनं मलम आना. म्या म्हणलं, बोट लावायचं न्हाई. पयलं डाक्टरीणबाईंस्नी दावायचं, मंगच काय ते."

मी वाकून बघितलं. गोल चट्टा, रुपयाएवढा. कड उठलेली, लालसर, बारीक कोंडा धरलेली. मधली कातडी साफ. मलमाची तुकतुकी नाही. एवढं मी मोठ्यानं बोलून गेले, आणि पोरगी म्हणाली, "आज्जे, हीच का गं डाक्टरीणबाई?"

चर्मरोगाची ओपीडी एक वाजता बंद होते. परीक्षेच्याच इमारतीत आहे, खालच्या मजल्यावर. म्हणजे आत्ताच रिक्षा बघायला हवी, आणि सातारची गाडी काही मिळत नाही. मावशी पाणी पितेय आणि विचारतेय, "काय लिवतीस गं येवढं?" तू नाहीस, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. नळीचंही नाही. रिक्षात दोन्ही सांगते. आधी नळीचं. त्यातल्या त्यात तेच सोपं आहे.